कॉपी केलेला कोड पुढे कुठे जातो

नाशिककडे आडत्यांसाठी बिलिंग लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. कांद्याच्या हिशेबपट्टीचं फंक्शन उचललं, टोमॅटोला चिकटवलं, क्विंटलच्या जागी क्रेट घातला. त्या दिवशी दोन्ही बरोबरच असतात. पुढे हमालीच्या राउंडिंगमधला बग कांद्यात दुरुस्त होतो, टोमॅटोत तसाच राहतो, आणि पट्टीत पैशांचा फरक पडतो. तक्रार आली की शोधायचं काय? नावं तर बदललेली!

कोड जावात असेल तर पीएमडी या कोड तपासणाऱ्या साधनातलं सीपीडी, म्हणजे कॉपी-पेस्ट शोधक, चालवा. जुळणाऱ्या किमान टोकनांची (शब्द, चिन्हं असे कोडचे सुटे तुकडे) मर्यादा आधी १००, मग ५०. नावं बदललेल्या प्रती पकडायला आयडेंटिफायर (व्हेरिएबल, फंक्शनची नावं) दुर्लक्षित करण्याचा पर्याय लावावा लागतो. मध्येच ओळी घुसवलेली प्रत मात्र निसटते, कारण तिचे तुकडे मर्यादेपेक्षा लहान पडतात. ५० च्या खाली गेलात तर गेटर-सेटरचा (किंमत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एकसारख्या छोट्या फंक्शनांचा) कचराच हाती येतो.

सापडलं की लगेच एकत्र करू नका. संशोधक मिर्युंग किम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रतींचा इतिहास तपासला, तेव्हा बऱ्याच प्रती थोड्याच काळात वेगळ्या वाटेने गेलेल्या आढळल्या. म्हणून गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणारं साधन) दोन्ही फंक्शनांचा इतिहास बघा. तोच बदल दोन्हीकडे पुन्हापुन्हा करावा लागलाय? मग एकत्र करा. नियम वेगळे होत चाललेत? मग राहू द्या. नाहीतर पाच बूलियन फ्लॅगांचं (हो-नाही स्विचांचं) एक फंक्शन तयार होतं, आणि ते दोन प्रतींपेक्षा वाईट.

एकत्र करण्याआधी जुन्या पट्ट्यांचा डेटा दोन्ही प्रतींतून चालवून आउटपुट जपून ठेवा. नवं फंक्शन त्याच्याशी पैशापर्यंत जुळवा. फरक निघाला, तर कोणती प्रत बरोबर हे आडत्याला विचारा.