आमचा दगडू पोपटपंची करत नाही

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे दोन-अडीच, ऊन असं की कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नाही, आणि आमच्या गल्लीतल्या तीन बायका घागरी-बादल्या घेऊन धावत नळावर आल्या. नळ कोरडा. तिघी आमच्या दारात. "ओ काकू, नळ आले म्हणून कशाला ओरडलाव मग?" आई तर आत कूलरपुढं घोरत पडलेली. "नळ आले गंऽऽ" हे तिच्याच आवाजात, शेवटचा गं तिच्यासारखाच लांबवून ओरडलं होतं ते गॅलरीतल्या दगडूनं. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही हे लातूरकरांना सांगायला नको, त्यामुळं हा विनोद त्या दिवशी कुणाला फारसा आवडला नाही.

दगडू म्हणजे आमचा आफ्रिकन ग्रे. राखाडी पोपट, शेपूट तेवढी कुंकवासारखी लाल. रंग बघून आई म्हणाली हे काय दगडासारखं, तेच नाव पडलं. २०१७ला पुण्याहून आणला तेव्हा साडेतीन महिन्यांचं पिल्लू होतं, डोळे काळेभोर. मोठं झाल्यावर यांचे डोळे फिकट पिवळे होतात, तसे झाले. नर-मादी दिसायला सारखेच असतात म्हणून पुढं दोन-तीन वर्षांनी पीस पाठवून डीएनए टेस्ट केली, तर दगडू बाई निघाला. नाव तेच राहिलं, 'तो' पण तसाच राहिला, फक्त माझी लेक त्याच्याशी भांडण झालं की दगडूबाई म्हणते.

माझं ट्यूशन एरियात झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. लातूर पॅटर्नचं गाव, त्यामुळं दिवसातनं दहा वेळा एक शब्द कानावर पडतो, पोपटपंची. नुसती पोपटपंची करून मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा निघत नसते, असं पालक पोरांना दुकानात उभं राहून ऐकवतात. मी गप प्रती काढतो. पण मनात येतंच की भाऊ, घरी या एकदा, आमचा पोपट काय करतो ते बघा आणि मग बोला.

आता हेच बघा. फॅन थांबला की दगडू म्हणतो "गेली!" आणि फिरायला लागला की "आली". हे शिकवलं कुणी नाही, लाईट जाण्या-येण्याची घरात जी ओरड असते त्यातनं त्यानं उचललं. एकदा बायकोनं झाडताना फॅन स्वतः बंद केला, लाईट होतीच, तरी हा म्हणाला गेली. म्हणजे त्याच्या हिशोबानं फॅन थांबणं हीच लाईट जाणं, आणि त्याच्या जागेवर बसून विचार केला तर चूक काय आहे त्यात? मी बाइकची चावी उचलली की "येतो गं" म्हणतो, नुसता दारापर्यंत गेलो तर नाही म्हणत. आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली की जी टीं टीं वाजते ती तर अशी हुबेहूब काढतो की अजूनही रात्री आम्ही कुणी ना कुणी उठून बघून येतो. चादर टाकल्यावर झोप येत नसली की काढतो. उठून कुणीतरी येतं हे त्याला पाठ झालंय.

याला काय समजतं आणि काय नाही हे सांगायला मी काय शास्त्रज्ञ नाही. पण अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या बाईंनी १९७७मध्ये शिकागोच्या एका पेट शॉपमधनं एक साधा ग्रे विकत घेतला, ॲलेक्स त्याचं नाव, आणि त्याच्यावर तीस वर्षं काम केलं. तो १००च्या वर शब्द शिकला, वस्तूचा रंग सांगायचा, आकार सांगायचा, दोन वस्तूंत सारखं काय आणि वेगळं काय ते सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. २००७ला गेला, ३१ वर्षांचा असताना. बाईंची शिकवायची पद्धत मला फार आवडली. पक्ष्याच्या पुढं दोन माणसं बसायची, एक मास्तर, एक विद्यार्थी. मास्तर वस्तू दाखवून विचारणार हे काय, विद्यार्थ्यानं बरोबर सांगितलं की ती वस्तूच त्याला मिळणार, चुकला की वस्तू बाजूला. पक्षी बसून बघतो आणि त्याला वाटतं अरे, हे माझ्यासमोर खायलाय, मी का नाही.

हे आम्ही घरी करून बघितलं. भाचा नीटच्या तयारीसाठी देगलूरहून आमच्याकडंच राहायला आलेला, तो विद्यार्थी, आणि माझी लेक मास्तरीण, आठवीत होती तेव्हा. वस्तू कोणती तर हिरवी मिरची, कारण पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही, दगडू ती पेरूसारखी खातो, बिया आधी. लेक विचारणार "हे काय?" भाचा म्हणणार "मिरची". लेक म्हणणार शाब्बास, घे. आता मिरची मिळाली म्हटल्यावर ती खायला पाहिजे ना, नाहीतर दगडूला पटणार कसं. बिचाऱ्या भाच्यानं रोज संध्याकाळी टोकं चावत चावत नऊ दिवस काढले. दगडू एक पाय पोटात घेऊन, मान वाकडी करून बघत बसायचा. दहाव्या दिवशी लेकीनं मिरची वर धरली, भाचा पाणी प्यायला आत गेलेला, आणि दगडू हळूच, घशातल्या घशात म्हणाला "मिच्ची". त्या दिवशी भाच्याला झाला तेवढा आनंद पुढं नीटच्या निकालाला पण झाला नाही.

हे झालं कौतुक. आता माझा गाढवपणा सांगतो, कारण हा पक्षी घ्यायचा म्हणून जे फोन करतात त्यांना मी आधी हेच सांगतो.

पहिली दीड-दोन वर्षं मी त्याला सूर्यफुलाच्या बियाच देत होतो. आवडीनं खायचा, मला वाटलं बेस्ट चाललंय. पिंजरा खिडकीत, स्लायडिंगच्या काचेमागं, सकाळचं ऊन अंगावर यायचं. २०१९च्या हिवाळ्यात एके सकाळी चादर काढली तर हा दांडीवरनं खाली पडला. पंख अर्धे पसरलेले, पायाची बोटं मुठीसारखी आवळलेली, मान मागं, सगळं अंग थडथड उडायलंय. मिनिटभरच असेल. मग उठून बसला आणि आमच्याकडं असा बघायला लागला की जणू आम्हीच काहीतरी केलं. जवळच्या डॉक्टरांकडं नेलं, ते म्हणाले मी म्हशी-शेळ्या बघतो, पक्ष्याचं मला सांगता येणार नाही. प्रामाणिकपणे बोलले, राग नाही. मग पुण्यातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, खायला काय देता? मी म्हटलं सूर्यफूल. फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

कॅल्शियम कमी. ग्रे लोकांमध्ये हे हमखास होतं, रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं की फिट येते. सूर्यफुलात तेलच तेल, कॅल्शियम नावापुरतं. आणि कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, त्यासाठी उन्हातले जे अतिनील किरण लागतात ते काच अडवते. म्हणजे मी दोन वर्षं त्याला काचेतनं उजेड दाखवत होतो, ऊन नाही. त्याच रात्री गाडी करून पुण्याला नेला, सुया, औषधं, सगळं झालं, वाचला.

तेव्हापासून सकाळी अर्धा तास गॅलरीत, कोवळ्या उन्हात, निम्म्या पिंजऱ्यावर सावली ठेवून. ताटात पेलेट म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, मोड आलेली मटकी. गाजर-भोपळा अ जीवनसत्त्वासाठी, ते पण यांना कमी पडतं. शेंगा घरच्या असल्या तरी टरफलासकट देत नाही, बुरशी असते त्यात आणि यांची फुप्फुसं त्या बाबतीत फार नाजूक. सूर्यफूल आता फक्त बक्षीस म्हणून, दोन दाणे. चहा बंद, हे आईला पटवायला सहा महिने लागले, ती बशीत बोट बुडवून द्यायची. चॉकलेट विषच, ॲवोकॅडोही विषच पण ते आमच्याकडं येतंय कुठनं. नॉनस्टिक तवा घरातनं काढला, तो जास्त तापला तर धूर आपल्याला कळतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. आई म्हणाली मी केव्हाची म्हणतेय लोखंडी तवाच बरा. मच्छर कॉइल, उदबत्ती त्याच्या खोलीत नाही. दर रविवारी भाजीच्या काट्यावर वजन, ४२० ग्रॅमच्या आसपास असतं, त्यापेक्षा बरंच खाली आलं तर मी फोन फिरवतो, कारण पक्षी आजार लपवतात, दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, क्लास बंद, सगळे घरी. दगडूची चैन. दुकान उघडलं, मी सकाळी नऊ ते रात्री नऊ बाहेर, आणि पंधरा दिवसांत त्यानं छातीची पिसं उपटून टाकली. गळ्यापासनं पोटापर्यंत सोललेल्या कोंबडीसारखा. रक्त तपासलं, आजार काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, याला काम नाही. जंगलात हे दिवसभर थव्यानं हिंडून खाणं शोधणार, फळं फोडणार, ओरडणार, आणि तुमच्याकडं वाटी भरून तोंडापुढं. रिकामटेकड्या माणसाचं जे होतं तेच. मग माझा धंदा कामाला आला. रिमचे पुठ्ठे, खोके, कोरे कागद, याला काय तोटा. मटकीचे दाणे कागदात गुंडाळायचे, तो कागद पुठ्ठ्याच्या नळीत, नळी खोक्यात, खोकं सुतळीनं बांधून टांगायचं. सकाळी अशी चार-पाच पुडकी बांधून मी दुकानाला जातो, संध्याकाळी पिंजऱ्याखाली कचऱ्याचा ढीग. पिसं परत यायला वर्ष गेलं, एक रुपयाएवढी जागा अजून उघडीच आहे. हा कचरा वेगळा आणि अंगातनं जी पांढरी पावडर पडते ती वेगळी, टीव्हीवर बोटानं नाव लिहिता येतं. दमा असलेल्या घरात ग्रे आणूच नये, स्पष्ट सांगतो.

उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री झाली की चोच उघडी टाकून, पंख अंगापासनं लांब धरून धापा टाकतो. स्प्रेच्या बाटलीनं भिजवायचं, अर्ध्या तांब्यात काम होतं, टँकरच्या दिवसात पण तेवढं परवडतं.

येळवशीला मात्र प्रश्न यायचा. वेळा अमावस्येला अख्खं लातूर शेतात, घरी थांबणार कोण. एकदा छोट्या पिंजऱ्यात घालून त्याला पण नेलं, औशाकडं मामाचं शेत आहे तिकडं. कडब्याची कोप म्हणजे खोपी, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, पोरं आंबील शिंपडत ओलगे ओलगे ओरडत ज्वारीतनं पळालेली, आणि तेवढ्यात आपले हिरवे राघू, वीस-पंचवीस असतील, किर्र किर्र करत कणसांवर उतरले. दगडू दिवसभर एक शब्द बोलला नाही. मान ताणून नुसता बघत होता. मामा म्हणाले, "हे तुझं पाखरू यांच्यात सोड की, खूश होईल." त्यांना सांगितलं मामा, याचं गाव इथलं नाही, मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलातलं हे, इथं दोन दिवस जगणार नाही. तिकडं एवढे पकडून विकले की जंगलं रिकामी व्हायला लागली, म्हणून २०१६ला जोहान्सबर्गला सगळ्या देशांच्या बैठकीत जंगलातल्या ग्रेच्या व्यापारावर बंदी आली. माझा इथंच पिंजऱ्यात जन्मलेला, २०२०ला सरकारनं परदेशी पक्षी-प्राणी पाळणाऱ्यांनी माहिती द्या म्हटलं तेव्हा दिली, २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही केली. आणि हिरव्या राघूचं म्हणाल तर तो पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या कायद्यानं गुन्हा आहे. मामांच्या शेजारच्या कोपीतला माणूस हे ऐकून उठूनच गेला, त्याच्या घरी आहे एक.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दगडूनं किर्र किर्र काढलं. अगदी बारीक आवाजात, पहाटे, चादरीच्या आत. मी अंथरुणात पडून ऐकत होतो आणि खरं सांगू, काही चांगलं वाटलं नाही मला.

हे पक्षी ४०-५० वर्षं सहज जगतात. मी आत्ता ४६चा. लेकीला विचारलं माझ्यानंतर कोण, ती म्हणाली "पप्पा, मी हॉस्टेलला चाललेय, मला आत्ता नका विचारू." बरोबर आहे तिचं.

मध्ये एक पोरगा दुकानात आला, काका मला पण ग्रे घ्यायचाय, कितीला पडतो. मी म्हटलं पैशाचं नंतर बोलू, आठ दिवस रोज संध्याकाळी सहाला घरी ये, ट्रे काढायचा, धुवायचा, पुडकी बांधायची, तासभर त्याच्यापाशी बसायचं. आला बिचारा, बुलेटवरनं, चार दिवस आला. चौथ्या दिवशी दगडूनं बोटाला चावा घेतला, मिरची नीट धरली नव्हती त्यानं. पाचव्या दिवसापासनं गडी गायब.

दगडू अजून साधारण सहाच्या सुमाराला बुलेट गल्लीत वळवतो, दारात आणून बंद करतो. आई आतनं म्हणते, "आलं वाटतं ते पोरगं, चहा टाकू का?"