चाळीसच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"काय ओ मामा, सायकल चालवतासा काय?" शिनोळीतनं सेकंड शिफ्ट सुटली की हद्दीपलीकडं कर्नाटकातलं बाची गाव यायच्या आत कुणीतरी हे ओरडून पुढं जातंच. घरात विचारायच्या तऱ्हा वेगळ्या. मेव्हणा हसत विचारतो, बायको ताट झाकून ठेवून विचारते. प्रश्न मात्र एकच: रात्री तुमच्या मोटरसायकलचा काटा ताशी चाळीसच्या वर का जात नाही? आजवर "वय झालं", "गाडी जुनी आहे" असलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दोन्ही खोटं. गाडी ऐंशीनं जाते, आणि दिवसा मोकळा रस्ता असला तर मीही साठनं जातो.

तेव्हा एकदाच लिहून टाकतो. पुढं कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

माझं काम इन्स्पेक्शनचं. व्हर्नियर, मायक्रोमीटर असली मापं घ्यायची हत्यारं हातात घेऊनच शिफ्ट जाते, त्यामुळं "दिसतंय की बऱ्यापैकी" हे वाक्य मला सोसत नाही. बऱ्यापैकी म्हणजे किती? मी मोजलं. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर भावाच्या पोराला काळी ताडपत्री धरून उभं केलं, गाडीचा लाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर ठेवला आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याला मागं मागं सरकवत नेलं. (भावजय त्यावरनं अजून ऐकवते.) माझ्या लाइटात पोरगं साधारण ३० ते ३५ मीटरपर्यंत दिसलं. ते उभं होतं म्हणून. आडवं पडलेलं काही असतं तर त्याहून कमी.

आता ६० चा हिशोब करा. गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. काहीतरी दिसणं, ते काय आहे हे डोक्यात शिरणं आणि हातपाय ब्रेकवर जाणं, याला दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथंच गेले. पुढं कोरड्या, चांगल्या डांबरीवर नीट ब्रेक लागला तरी आणखी २० मीटरच्या वर. म्हणजे दिसतंय ३५ मीटर आणि थांबायला लागतात ४५ च्या वर. ४० नं तेच सगळं मिळून २७ मीटरच्या आसपास बसतं. एवढंच आहे माझं चाळीस. भित्रा म्हणायचं तर म्हणा.

मेव्हण्याचं यावर ठरलेलं उत्तर आहे: "रस्ता पाठ आहे की ओ आपला." हे मला माहीत आहे, कारण आधी मीच हे म्हणायचो. कुठला खड्डा कुठं, कुठल्या गावाच्या हंपवरचा पट्टा पुसलाय, हे मला खरंच पाठ होतं. आजही आहे. पण पाठ असतो तो रस्ता. त्याच्यावर आज काय आहे ते कुणाला पाठ असतंय? दिवाळी झाली की उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात. ऊस मागं इतका बाहेर आलेला असतो की दिवा असलाच तरी तो उसाच्या आत. हंगामाच्या सुरुवातीला रेडियम चिकटवतात, महिन्याभरात त्यावर चिखलाचा थर. सुगीत कुणीतरी रस्त्याच्या कडेला वाळवण घालतं आणि वाळवण उचललं तरी त्याच्या कडेचे दगड तिथंच. कोमट डांबरावर वासरू बसलेलं असतं. आणि समोरनं अप्पर मारत येणारा असतोच. त्याच्या लाइटाकडं न बघता डावीकडची कड धरायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो निघून गेल्यावरही डोळे अंधाराला सरावायला काही सेकंद घेतात, आणि तेवढ्यात गाडी थांबलेली नसते, हे कुणी धरत नाही.

"मग तुम्ही पण मोठा लाइट बसवा की." बसवीन. म्हणजे समोरनं येणाऱ्याला मीच आंधळा करायचा.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्ही थेट विचारत नाही, पण विचारायचं तेच असतं.

गाळप जोरात होतं. आमच्या खात्यातलं एक पोरगं माझ्याबरोबर निघालं. बाचीपर्यंत बरोबर आलं, मग कंटाळलं. पुढं गेलं तसा त्याचा मागचा तांबडा दिवा लहान होत गेला. बाची आणि तुरमुरीच्या मध्ये समोरनं एक गाडी पूर्ण अप्परवर आली. ती माझ्यापर्यंत पोचायच्या आधी त्याच्या शेजारनं गेली, आणि त्यानंतर मला दिसलं ते एवढंच: तो तांबडा दिवा एकदम वर उडाला आणि विझला.

मी पोचलो तेव्हा गाडी शेतात आणि पोरगं रस्त्यावर. रस्त्यात ओळीनं दगड. संध्याकाळी तिथं एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागनं येणाऱ्यांना कळावं म्हणून त्यांनी दगड मांडले, झाडाचे टाळे टाकले. चाक बदललं, ट्रॉली गेली. टाळे कुणाच्या तरी चाकाखाली जाऊन पांगले. दगड राहिले.

माझी गाडी मी त्याच्या मागं बरीच लांब, तिरकी उभी केली, इंडिकेटर चालू ठेवला. अंगातलं रेडियमचं जाकीट, ज्याला तुम्ही "रोडचं काम सुरू झालं काय" म्हणून हसता, ते काढून हातात धरलं आणि मागनं येणाऱ्यांना हलवून दाखवत राहिलो. पोरगं हेल्मेट काढा म्हणत होतं. काढलं नाही, मानेला काय झालंय कुणाला ठाऊक. कानाच्या बाजूनं ते हेल्मेट खरवडून पांढरं झालं होतं. पट्टा लावलेला होता म्हणून डोक्यावर राहिलं. १०८ ला फोन लावला, पलीकडनं कन्नडात विचारणा. मला येतंय तेवढ्या कन्नडात बाची सांगितली, तुरमुरी सांगितलं, कुठल्या बाजूचा रस्ता ते सांगितलं. दोन मोटरसायकली थांबल्या, "पोलिसांची भानगड नको" म्हणून एक निघून गेली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय. मदत करणाऱ्यानं नाव सांगायलाच पाहिजे असं नाही, त्याच्यावर केस होत नाही. पण हे तिथं त्याला सांगत बसायला मला सुचलं नाही. दुसरा थांबला. आम्ही दोघांनी ते दगड एकेक करून चरीत टाकले. एक दगड मला एकट्याला उचलला नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. रॉड घातला. आता तो बसून करायचं काम करतो, जिना चढताना कठड्याला धरतो.

कामावर परत आल्यावर त्यानं मला जे विचारलं ते तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. "मामा, तुम्ही हळू होतासा म्हणून वाचलासा, की मागं होतासा म्हणून?"

मी घरी येऊन हिशोब केला. आमचा काळा दगड काळ्या डांबरावर, डिपरच्या लाइटात आणि नुकतंच कुणीतरी डोळे दिपवून गेल्यावर, फार तर १५ मीटरवर दिसेल. ४० ला दीड सेकंदात मी १६ मीटरच्या वर जातो. म्हणजे ब्रेक धरायच्या आधीच दगड. ३० नं गेलो असतो तरी थांबायला १८ मीटर लागले असते. मी पुढं असतो तर मीच त्यावर गेलो असतो, चाळीसनंच.

यावर माझ्यातला जुना मी लगेच उठून बसतो: बघ, म्हणजे नशीबच. तर मग गप साठनं जा आणि वेळेत जेव. त्याला माझं म्हणणं असं की मार वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० चा तडाखा ४० च्या सव्वादोनपट. पाय मोडला असता, कदाचित रॉड लागला नसता. तो म्हणतो, "कदाचित." मी म्हणतो, होय, कदाचित. आणि वेळेचं म्हणशील तर १० किलोमीटरला साठनं १० मिनिटं लागतात, चाळीसनं १५. पाच मिनिटांसाठी सव्वादोनपट? तो म्हणतो, रोजची पाच मिनिटं आहेत ती. इथं आमचं अडतं.

आणि हे सगळं आमच्या बेळगाव-वेंगुर्ला रोडवर चालतं. हायवेवर नाही. निपाणीला बहिणीकडं रात्रीचं जायची वेळ आली तर मी गाडी काढत नाही, एसटी नाहीतर कर्नाटकची बस, जी मिळेल ती. असल्या मोठ्या रस्त्यावर लोक ऐंशी-शंभरनं येत असताना चाळीसनं जाणारा माणूस म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी रस्त्यातला दगड. तेव्हा हळू जाणं म्हणजेच सुरक्षित जाणं, असं मी म्हणतोय असं कुणी समजू नका. म्हणायचंय ते एवढंच की लाइटाच्या पुढं पळू नये. तेही पूर्ण जमत नाही, हे वर सांगितलंच.

मेव्हण्याला हा हिशोब दाखवला तेव्हा त्यानं कागद नीट वाचला. वाचून म्हणाला, "म्हणजे चाळीस पण जास्तच की ओ. मग पंचवीसनं का जात नाही?" बरोबर विचारलं. जाऊन बघितलं. सुळग्याच्या अलीकडं मागनं एक टेम्पो हॉर्न दाबूनच आला, इतका जवळ की त्याच्या लाइटात माझीच सावली माझ्या पुढं पळायला लागली. परत चाळीसवर आलो.