आमची वाटचाल : मोटर बसवलेल्या सायकलचं मागचं चाक

सायकलला मोटर बसवून देणं हे आमच्या वर्कशॉपचं सुरुवातीचं काम. पण दुरुस्तीला आलेल्या सायकलींत मोटरपेक्षा मागच्या चाकाच्याच तक्रारी जास्त, म्हणून आता तेच आमचं मुख्य काम आहे.

मोटरच्या किटमध्ये (बसवायच्या सुट्या भागांच्या संचात) ४४ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे मोटरची चेन ज्यावर चालते ते दातेरी चक्र, येतं. ते मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, रबराच्या चकत्यांमध्ये आरे धरून ९ बोल्टनी आवळतात. ही रचना ३६ आऱ्यांच्या चाकाची. आपल्या जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला आरे ४०, म्हणजे एका बाजूला २०. त्यात ९ बोल्ट सारख्या अंतरावर बसतच नाहीत. ३६ आऱ्यांतही मोटरची सगळी ओढ आऱ्यांवर येते. रबर दबतं, बोल्ट ढिले पडतात आणि आरे हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी), वाकलेल्या टोकाला तुटतात. स्प्रॉकेटचं भोक हबपेक्षा मोठं असल्याने सेंटर अंदाजानेच धरावं लागतं. ते चुकलं की अर्ध्या फेरीत चेन ताठ, अर्ध्या फेरीत सैल.

ही पद्धत आम्ही सोडली. आता डिस्क ब्रेकचं हब घेतो. त्याच्या डाव्या बाजूला ४४ मिमी वर्तुळावर एम५ चे (५ मिमी जाडीचे) ६ बोल्ट बसतात. त्यावर स्प्रॉकेट बसवायचा अडॅप्टर (जोडतुकडा) कोल्हापूरच्या उद्यमनगरातून लेथवर करून घेतो. अडॅप्टरचं सेंटर हबच्या कड्यावरच धरायचं, बोल्टवर कधीच नाही. डिस्कची जागा गेल्यामुळे मागे रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला दाबणारा ब्रेक, लागतो. फ्रेमला त्याची सोय आहे का, हे आधी बघतो.

एक्सलकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याकडे, मात्र फार कमी लोक लक्ष देतात. क्विक रिलीजचा (खटक्याने चाक काढता येतं तो) पोकळ एक्सल चेनच्या ओढीने वाकतो, नाहीतर डावीकडून पुढे सरकतो. मग चाक तिरकं होतं आणि चेन उतरते. त्या जागी आम्ही १० मिमीचा भरीव एक्सल, दोन्हीकडे नट आणि डावीकडे चेन अ‍ॅडजस्टर (चेनचा ताण राखणारा स्क्रू) लावतो. संशय आला तर एक्सल काढून काचेवर लोळवायचा, वाक लगेच दिसतो. कोन (एक्सलवरचे, बेअरिंगचे छर्रे धरणारे नट) इतकेच आवळायचे की रिमला खेळ उरू नये, पण चाक मोकळं फिरावं. कोन ढिले असले की स्प्रॉकेट डुलतं, आणि ग्राहक विनाकारण नवं स्प्रॉकेट घेतो. म्हणून तपासणी आधी एक्सलची, मग कोनची, नंतर चाकाच्या आऊटची (फिरताना ते डुलतं का याची) आणि शेवटी दात्यांची.

चेनला मधोमध सुमारे १२ मिमी ढिलाई ठेवतो, तीही ती सर्वांत ताठ असते त्या जागी मोजून. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सायकल परत बोलावून सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळून देतो.