पहिली हाफ मॅरेथॉन : सोळा आठवड्यांची नोंद

२१.०९७५ किलोमीटरचे अंतर मी काल, रविवारी, २ तास ३४ मिनिटांत पूर्ण केले. सप्टेंबरमध्ये कंबर तलावाच्या काठाने सलग तीन किलोमीटर धावतानाही मला दम लागत होता, आणि त्याचे कारण ताकदीचा अभाव हे नसून मी फार वेगाने धावत होतो हे होते. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, ही कसोटी लावल्यावर माझा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आला. सुरुवातीला ते मनाला फार लागले. पण महिन्याभरात मी त्याच श्वासात नऊ किलोमीटर धावू लागलो.

सोलापुरात ऑक्टोबरमधल्या उन्हाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, त्यामुळे तोच वेग राखायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून त्या महिन्यात मी घड्याळातला वेग पाहणे सोडले आणि सव्वापाचला घराबाहेर पडू लागलो. तरीही तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावापर्यंत जाऊन परतेपर्यंत टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटलेली असे. तेव्हापासून लिंबू, मीठ आणि साखर घातलेल्या पाण्याची बाटली कायम सोबत राहिली.

सहाव्या आठवड्यात चूक झाली. आठवड्याचे अंतर २२ वरून एकदम ३० किलोमीटरवर नेले आणि उजवी नडगी आतल्या बाजूने दुखू लागली. दहा दिवस धावणे बंद ठेवून पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम केला, आणि त्यानंतरची वाढ दहा टक्क्यांच्या आतच ठेवली. सर्वांत लांब धाव १८ किलोमीटरची झाली. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणले.

शर्यतीच्या आदल्या रात्री ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे रोजचे जेवण मी कटाक्षाने टाळले, कारण तंतुमय आणि तिखट अन्न दुसऱ्या दिवशी पोटात त्रास देते हे दोन लांब धावांत अनुभवले होते. वरण-भात जेवलो. आठव्या आणि चौदाव्या किलोमीटरला दोन-दोन खजूर खाल्ले; हेही आधी सरावात करून पाहिलेले होते.

सुरुवातीला सगळा घोळका पुढे निघून जात असताना साडेसात मिनिटांचा वेग धरून ठेवणे हे कालचे सर्वांत अवघड काम होते. सोळा किलोमीटर १ तास ५७ मिनिटांत झाले, आणि उरलेल्या पाचांत मी थोडा वेग वाढवू शकलो. चालणाऱ्या अनेकांना मागे टाकताना प्रत्येकाला ‘चला, जवळ आलं’ एवढेच म्हणत होतो.

आज पोटऱ्या ताठ आहेत आणि डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले आहे, म्हणून पुढचे बूट अर्ध्या नंबरने मोठे घेणार आहे. गुरुवारपर्यंत केवळ चालणे ठेवले आहे.