सीमाभागाचं कपाट आणि तीन कोटेशनं

गावच्या वाचनालयात सीमाभागातल्या मराठी लेखकांचं वेगळं कपाट करायचं ठरलं आणि एका संस्थेने त्यासाठी देणगीही मंजूर केली. यादी करणं, पुस्तकं मिळवणं, नोंदवहीत चढवणं ही कामं होतात. अडतं ते देणगीवाल्यांच्या खरेदीच्या फॉर्मपाशी. म्हणून आधी त्याचंच सांगतो, बाकीचं आठवेल तसं.

फॉर्ममध्ये प्रत्येक पुस्तकापुढे तीन रकाने होते: लेखक सीमाभागात राहत असल्याचा पुरावा, तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची कोटेशनं. ज्याने हा फॉर्म बनवला त्याने आयुष्यभर खुर्च्या-टेबलंच खरेदी केली असणार.

रहिवासाचं बघा. जी. ए. कुलकर्णींचा जन्म चिक्कोडीकडच्या एकसंब्याचा, शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडला आणि निधन १९८७ साली पुण्यात. त्यांचा रहिवासी दाखला कुठल्या तलाठ्याकडे मागायचा? प्रकाश नारायण संत नोकरीला कऱ्हाडला, पण त्यांच्या कथांतल्या लंपन या मुलाची बोली अस्सल बेळगावकडची. रणजित देसाई कोवाडचे. कोवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, म्हणजे फॉर्मच्या हिशेबाने बाद. आता चंदगड तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, हे टेबलापलीकडच्या माणसाला कायद्यातली ओळ दाखवून सांगावं लागलं. त्यावर उत्तर, ‘सर, ते जुनं झालं.’ जुनं झालं म्हणूनच तर कपाट करतोय!

यातून वाट काढली ती निकष लेखी करून. जन्म, दीर्घ वास्तव्य किंवा लेखनातला मुलूख, या तिन्हींपैकी एक लागू हवा आणि कोणता ते यादीत पुस्तकापुढे लिहायचं. असा ठराव समितीच्या सहीशिक्क्याने जोडला की ‘पुरावा’ या रकान्यात ‘ठराव पाहा’ एवढं पुरतं. याचा एक फायदा असा की पाहुणेही आपोआप बाजूला पडतात. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, म्हणून त्यांचं सगळं साहित्य या कपाटात लोटायचं कारण नाही. ‘गणगोत’ मात्र हवंच, कारण त्यातले रावसाहेब बेळगावचे.

आयएसबीएनचा गुंता हिशेबाचा आहे. जुन्या आवृत्त्यांवर तो नसतोच, तिथे ‘क्रमांक नाही’ असं लिहून श्रेयनामावलीच्या पानाची झेरॉक्स लावावी. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर असलाच तर दहा अंकी असतो. त्याच्यापुढे नुसतं ९७८ चिकटवून भागत नाही, कारण शेवटचा अंक बदलतो. दहांपैकी शेवटचा अंक काढून टाका, पुढे ९७८ लावा, मिळालेल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणत जा आणि सगळी बेरीज करा. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो नवा शेवटचा अंक. काहीच कमी पडत नसेल तर शून्य. रकाना लगेच हिरवा होतो.

खरी गोची कोटेशनांची. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तकं कुठलाही विक्रेता कोटेशनमध्ये लिहून देतो. पण खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडचे कितीतरी कवी-कथाकार पदरमोड करून पुस्तक काढतात आणि गठ्ठे घरच्या माळ्यावर ठेवतात. प्रकाशक तेच, विक्रेते तेच. दुसरं कोटेशन आणायचं कुणाकडून, त्यांच्या शेजाऱ्याकडून? ज्यांच्यासाठी हे कपाट, नेमकी त्यांचीच नावं लाल शाईने खोडून यादी परत आली, तेव्हा डोकंच फिरलं.

इथे दोन कागद कामाला येतात. एक लेखकाचं पत्र: ‘या पुस्तकाचा प्रकाशक व एकमेव विक्रेता मी आहे. छापील किंमत इतकी, वाचनालयास सवलत इतकी.’ सही, तारीख, पत्ता. दुसरा समितीचा ठराव: पुस्तक अन्यत्र मिळत नाही आणि छापील किमतीपेक्षा जास्त पैसे दिलेले नाहीत. दोन्ही एकत्र टाचून द्या. सुटे दिले तर एक हमखास गहाळ होतो.

एवढ्यावर संपलं असं वाटलं, तर बिलं परत! लेखकाच्या बिलावर जीएसटी नंबर नाही म्हणून. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. हे वाक्य बिलावरच लिहून घ्यावं, तोंडी वाद घालू नये. बिलावर क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, प्रती, दर, एकूण आणि सही एवढं हवं. पैसे मिळाल्याची पावती पाच हजारांच्या वर जात असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही. शेवटी खोडलेली सगळी नावं परत चढली, एकही सोडलं नाही.

स्थानिक पुस्तकं गाठायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कारदगा इथली ग्रामीण साहित्य संमेलनं. लेखक तिथे स्वतः हजर असतात. वरच्या पत्राचे कोरे नमुने आणि बिलबुक सोबत न्या, तिथल्या तिथे सही होते.

निवडीबद्दल थोडं. लंपनची चारही पुस्तकं एकदम घ्या आणि क्रमाने क्रमांक द्या: वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. पहिल्याच्या दोन प्रती, कारण तेच सतत बाहेर असतं. इंदिरा संतांचं ‘गर्भरेशीम’ हवंच, साहित्य अकादमी मिळालेलं. निपाणीचे महादेव मोरे यांना वगळून हे कपाट मला तरी मान्य नाही. पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजवाले कथेत आणले. त्यांची जुनी पुस्तकं दुकानात मिळाली नाहीत तर रद्दीवाल्यांना सांगून ठेवा. आणि कन्नडकडे पाठ नको. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या, भैरप्पांच्या कादंबऱ्या त्यांनीच मराठीत आणल्या. अनुवादाचा एक कप्पा त्यांच्यापासून सुरू होतो.

टपालाने मागवायचं तर रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालंय. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे: ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं.

आपल्याकडच्या पावसात नुसत्या डिंकाने चिकटवलेली बांधणी टिकत नाही. जूनच्या आत ती पुस्तकं बाइंडरकडून शिवून, पुठ्ठा घालून घ्या. मूळ मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगा, नाहीतर तो फेकून देतो.