सासवडच्या माळावरून अठ्ठावीस किलोमीटर वर

कॅमेरा बांधलेला फुगा पुण्याजवळून सोडायचा म्हटल्यावर आम्हा मित्रांपुढे पहिला प्रश्न आला तो फुगा पडणार कुठे, हा. पावसाळ्यात आपल्याकडे उंचावरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणजे फुग्याखाली टांगलेली कॅमेऱ्याची पेटी सह्याद्रीच्या एखाद्या दरीत गेलीच म्हणायची; हिवाळ्यात मात्र ते पश्चिमेकडून येतात आणि फुग्याला दौंड, बारामती, इंदापूरच्या सपाट मुलखाकडे नेतात. म्हणून महिना फेब्रुवारीचा आणि जागा सासवडजवळच्या माळाची ठरली. तरीही भिगवणपर्यंत पसरलेल्या उजनीच्या पाण्याची धास्ती होतीच, त्यामुळे वाऱ्यांच्या अंदाजावरून फुग्याचा मार्ग काढणारे गणित आम्ही रोज संध्याकाळी नव्याने करत असू.

परवानगीचे काम सर्वांत लांबले. लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या ताब्यात असून तेथूनच प्रवासी विमानेही उडतात. अशा आकाशात कोणालाही न कळवता फुगा सोडणे केवळ बेकायदाच नव्हे, तर बेजबाबदारपणाचेही ठरले असते. अर्जात फुग्याचा आकार, पेटीचे वजन, चढण्याचा वेग, संभाव्य मार्ग आणि वेळ असे सगळे लिहावे लागले, आणि शंकांची उत्तरे देता देता आमचेच नियोजन पक्के होत गेले. स्थानिक पोलीस ठाण्यालाही पत्र दिले.

पेटी थर्माकोलची होती. सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ७५ अंशांच्याही खाली जाते, म्हणून साध्या सेलऐवजी लिथियमचे सेल घेतले आणि भिंगावर बाष्प धरू नये यासाठी आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. जीपीएसबाबत मात्र विशेष सावध राहावे लागते. निर्यातीच्या जुन्या निर्बंधांमुळे अनेक मोड्यूल १८ किलोमीटरच्या वर स्थान सांगणेच थांबवतात. त्यामुळे त्याहून वरही स्थान सांगत राहणारा, विमानांसाठीचा मोड असलेले मोड्यूल शोधून तो मोड सुरू केला. मोबाईलचे नेटवर्क इतक्या उंचीवर उपयोगाचे नसते, म्हणून स्थान कळवण्यासाठी परवान्याची गरज नसलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातला छोटा लोरा (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारे रेडिओ तंत्र) प्रक्षेपक वापरला.

वेधशाळेचे फुगे हायड्रोजनवर उडतात, पण माळावर तो ज्वलनशील वायू हाताळण्याची आमची तयारी नव्हती. आम्ही महाग असूनही हेलियमच घेतला. हातमोजे घालून, खाली ताडपत्री अंथरून भल्या पहाटे फुगा भरला. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो, परंतु हिशेबावर विसंबण्यापेक्षा फुग्याच्या तोंडाशी ताणकाटा लावून उचल मोजणे केव्हाही चांगले. वायू कमी पडला तर फुगा रेंगाळत दूर वाहत जातो. जास्त झाला तर झपाट्याने चढून कमी उंचीवरच फुटतो.

सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने तो दीड तास चढत राहिला आणि अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास फुटला. तेथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या दोन टक्क्यांहूनही कमी असतो, त्यामुळे सुरुवातीला दोन मीटरही व्यास नसलेला फुगा तोपर्यंत एखाद्या दुमजली घराएवढा झालेला असतो. आमची जीप तेव्हा पाटसच्या पुढे होती.

पेटी दौंड तालुक्यात उभ्या उसात उतरली. शेवटचे स्थान हाती असूनही डोक्यापेक्षा उंच उसात ती दिसेना, आणि पाचटाने हात कापत होते. शेताचे मालक असलेल्या काकांनी आधी विचारले, “हवामान खात्याचं हाय का?” मग पेटीवरची ‘धोकादायक नाही, कृपया फोन करा’ ही मराठी चिठ्ठी वाचल्यावर म्हणाले, “फोन कशाला करू, तुम्हीच आलाय की.” पेटी शोधली त्यांच्याच मुलाने, सरीसरीने चालत.

चित्रफितीचा बराचसा भाग गरगर फिरणारा आहे, कारण पेटी टांगलेली दोरी आखूड होती की वाराच तसा होता, यावर आमचे अजून एकमत नाही. वरच्या टप्प्यात मात्र आकाश काळे, क्षितिज वाकलेले आणि उजनीचा जलाशय स्पष्ट दिसतो. पश्चिमेला धुरकटातून समुद्राची कडा असावी. पुढचे उड्डाण ऊसतोड आटोपल्यावर, मार्चच्या अखेरीस करायचे ठरले असून अर्ज आत्ताच दिला आहे.