तुम्ही विचारलंत म्हणून : लढायांचा तास

“बाई, लढाया शिकवताना तुम्ही कोणाची बाजू घेता? आणि मुलांची डोकी तापत नाहीत का?” हा प्रश्न मला पालकसभेत विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो आणि नव्याने रुजू झालेले तरुण शिक्षकही शिक्षकखोलीत हळूच विचारतात. विचारणाऱ्यांपैकी काहींना मी पुरेशी बाजू घेत नसावी अशी शंका असते, तर काहींना मी ती जरा जास्तच घेत असावी असे वाटते. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सातवीला मध्ययुग आणि आठवीला स्वातंत्र्यलढा शिकवत आले आहे, आणि स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वात दुसरे महायुद्धही ओघाने येतेच.

बाजू मी देत नाही, कारण मुले ती घेऊनच वर्गात येतात. चौथीला शिवचरित्र झालेले असते, शिवजयंतीला पोवाडे ऐकलेले असतात, निम्म्या वर्गाने प्रतापगड पाहिलेला असतो. त्या अभिमानाबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला कशाचेच काही वाटत नाही अशा मुलाला इतिहास शिकवणे कितीतरी अवघड असते. मात्र लढाई म्हणजे दोन शूर माणसे समोरासमोर उभी राहणे, एवढेच चित्र त्यांच्या मनात असते आणि पाठ्यपुस्तकातील ‘कारणे व परिणाम’ या ठरीव मांडणीने ते बदलत नाही. म्हणून लढाई कशावर चालते, हे मी आधी शिकवते. कोण बरोबर आणि कोण चूक, हा वाद त्यानंतर.

यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेला कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना पाठवलेले पत्र. त्यात एकही लढाई नाही. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत जपून वापरा, आत्ताच उधळलेत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. मग शिपाई गावात शिरतील. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. असे झाले की कुणबी घरदार सोडून जाऊ लागतील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे त्यांना वाटेल, हेही ते स्पष्ट लिहितात. पुढे तर रात्री दिवा जळत ठेवला आणि एखाद्या उंदराने पेटती वात पळवली तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत काळजी आहे. उंदराचा उल्लेख आला की वर्ग हसतो आणि मी हसू देते, कारण त्यानंतर जे प्रश्न येतात ते खऱ्या इतिहासाचे असतात. एका घोड्याला दिवसाला किती दाणा लागतो? तो कोण पिकवतो? पैसे देऊन घेतात की तसाच उचलतात? शेतकऱ्यांच्या मुलांना हे प्रश्न सुचवावे लागत नाहीत. महाराजांचे मोठेपणही या पत्रातून त्यांना जितके कळते तितके माझ्या विशेषणांनी कधी कळलेले नाही.

हे पत्र आधी झालेले असले की पानिपत शिकवणे सोपे जाते. 14 जानेवारी 1761 ही तारीख सर्वांना पाठ असते, आणि संक्रांत कोसळणे हा शब्दप्रयोगही घरोघरी असतो. मी मात्र सुरुवात ऑक्टोबर 1760 पासून करते. मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेकडचे कुंजपुरा घेतले, तिथले धान्य हाती आले; पण त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाण बादशहा अहमदशाह अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची छावणी व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दक्षिणेकडून येणारी रसद तुटली. छावणीत केवळ लढणारे नव्हते. बायका, मुले, बाजारबुणगे, तीर्थयात्रेच्या आशेने आलेले लोकही होते, आणि त्या सर्वांना रोज खायला लागत होते. रसद पोहोचवण्याची धडपड करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. मी फळ्यावर नकाशा काढते आणि विचारते, आता मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांनी काय करावे? त्या तासाला मागच्या बाकावरची मुलेसुद्धा बोलतात, आणि ‘फितुरी झाली म्हणून हरलो’ हे तयार उत्तर देणाऱ्याला शेजारचाच मुलगा दाण्याचा हिशेब विचारतो.

बाजूंचा प्रश्नही इथेच नीट हाताळता येतो. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारदी याच्या हाताखाली होते. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. उलट पलीकडे, अब्दालीच्या बाजूने उतरलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज हा मूळचा दक्षिणी माणूस होता, आणि त्याने या युद्धाची हकीकत फारसीत लिहून ठेवली. आपल्याकडे भाऊसाहेबांची बखर आहे. दोन्हींतील निवडक भाग मी साध्या भाषेत सांगते आणि कोणती माहिती कोणाला असण्याची शक्यता जास्त, हे मुलांना ठरवायला लावते. इतिहासलेखनाच्या परंपरा हा भाग आमच्या पाठ्यपुस्तकात दहावीत येतो. माझ्या मते तोपर्यंत फार उशीर झालेला असतो, कारण पाठ करण्याची सवय तेव्हा हाडीमाशी खिळलेली असते.

गावातले दगडही कामी येतात. देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो, पण तो खालून वर वाचायचा असतो हे त्यांना ठाऊक नसते: तळाला लढाई, कधी गाईंच्या रक्षणाची, वर अप्सरांसह स्वर्गारोहण आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. आमच्या जिल्ह्यात काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्याही आहेत. त्यांवर गावातून किती जण गेले आणि किती मेले एवढाच आकडा असतो, नावे नसतात. ती शोधायला मुलांना घरोघरी पाठवले की पणजोबांच्या गोष्टी निघतात, त्यांतल्या काही खऱ्याही असतात.

सर्वांत अवघड तास असतो तो आठवीतला. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे इंग्रजांविरुद्धचे प्रतिसरकार चालू होते, त्याची तुफान सेना इंग्रजांच्या नाकी नऊ आणत होती, आणि त्याच काळात याच भागातले तरुण इंग्रजांच्या सैन्यातून परदेशात लढत होते. शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, सोबतचे सगळे पडल्यावर, एकटे मशीनगनवर चालून गेले, ती जागा त्यांनी घेतली आणि तिथेच ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्याच वर्षी इंफाळच्या रणांगणावर आझाद हिंद सेना आणि ब्रिटिश हिंदी सेना यांतले भारतीय समोरासमोर होते. मग इंग्रजांच्या सैन्यातले हे जवान देशभक्त की नाही, असे मुले विचारतात, आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. मी ते देत नाही. पगार किती होता, घरी जमीन किती होती, दुष्काळ कधी पडला, घराण्यात लष्कराची परंपरा होती का, हे विचारून या असे सांगते. डोकी तापतात ती याच तासाला, आणि ती तापलेली मला चालतात, कारण वाद घराण्याच्या कागदांवरून आणि आजीच्या आठवणींवरून चाललेला असतो.

नव्या शिक्षकांचा पुढचा प्रश्न असतो की, परीक्षेत तर रिकाम्या जागा आणि टिपाच येतात, मग एवढे कशाला? त्याही करून घ्याव्या लागतातच. पण सातवीच्या घटक चाचणीत मी पाच गुणांचा एक प्रश्न स्वतःचा घालते: महाराजांच्या त्या पत्राला छावणीतल्या हवालदाराने काय उत्तर पाठवले असते? नुसता जयजयकार लिहिणाऱ्याला एक गुण मिळतो. कडबा किती उरला आहे, पाऊस कधी उघडेल, दिवे कोण विझवतो आणि गावाकडून उचललेल्या दाण्याची भरपाई कशी करणार, हे लिहिणाऱ्याला पाचपैकी पाच. कमी गुणांवरून पालक विचारायला आले तर मी त्यांच्यापुढे ते पत्र ठेवते आणि हवालदाराचे उत्तर लिहून दाखवायला सांगते.